समाजमाध्यमे आणि कामावरचे शिक्षण

शेतीचा धंदा असो, गिरणीचे काम असो की कार्यालयातील बैठे काम असो, ज्याला आपला व्यवसाय नीट चालवावयाचा आहे त्याला जन्मभर शिकत राहावे लागते. बियाणे बदलते, कीड बदलते, यंत्र बदलते, बाजाराची मागणी बदलते. आणि काल शिकलेले आज अपुरे पडते. हे शिक्षण काम करता करता, कामाच्या जागी आणि बहुतेक वेळा शेजारच्या माणसाकडूनच मिळत असते. आता हा शेजारी मोबाइलच्या द्वारे दुसऱ्या जिल्ह्यातूनही भेटू लागला आहे. व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब इत्यादी समाजमाध्यमे कामावरच्या शिक्षणासाठी वापरावीत की नाहीत, असा वाद घालण्याचे आता कारण उरलेले नाही. त्यांचा वापर गावोगाव सुरू झालेलाच आहे. तो कोणत्या रीतीने केला असता हिताचा होईल आणि कोणत्या रीतीने केला असता घातक ठरेल, याचा विचार करणे ग्रामस्तरीय कार्यकर्ते व शेतकरी बंधुभगिनी या उभयतांस अगत्याचे आहे.

लोअर परळचा अनुभव

या विचारास मुंबईतील लोअर परळ या भागाचा अनुभव उपयोगी पडेल. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतील असंख्य शेतकरी कुटुंबांचा एक पाय शेतात व एक पाय या भागात होता. फिनिक्स, कमला, मथुरादास, रघुवंशी अशा गिरण्यांनी हा परिसर गजबजलेला होता. गावाकडून आलेला तरुण भावाच्या किंवा गाववाल्याच्या ओळखीने बदली कामगार म्हणून लागे. त्याच्यासाठी वेगळी शाळा बहुधा नसे. साच्यापाशी उभे राहून, तुटलेला धागा जुने कामगार कसा सांधतात हे पाहून, चुकत आणि बोलणी खात तो काम शिके. पाळी संपल्यावर त्याच माणसांच्या संगतीत, चाळीतील गाळ्यात किंवा खानावळीच्या पंगतीत, दिवसभरातील अडचणींची उजळणी होई. ज्याला वाचता येई तो वर्तमानपत्र मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. गावकीच्या खोलीत गावच्या पाऊसपाण्याची, शाळेची व देवळाची खबर येई. समाजमाध्यम हा शब्द त्या काळी कोणाला ठाऊक नव्हता. परंतु एकाच कामातील व एकाच गावची माणसे एकमेकांस माहिती पोहोचवीत, एवढे काम त्या गाळ्यात रोज होत होते.

या अनौपचारिक शिक्षणाला जोड देण्याचे प्रयत्नही झाले. ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था स्थापन केली. रात्रीच्या शाळा, वाचनालये व फिरती ग्रंथालये यांच्या द्वारे या संस्थेने कामगार वस्तीत शिक्षण नेले. दिवसभर काम करणाऱ्या माणसाला शिकविणे शक्य आहे, मात्र त्यासाठी शिक्षणाने त्याच्या वस्तीत व त्याच्या सवडीच्या वेळी जावे लागते, हे त्या कार्याने दाखवून दिले.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या काळात एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. गिरण्या का मोडल्या, याची कारणे जुनी यंत्रे, मालकांचे धोरण, जमिनींच्या किमती अशी अनेक आहेत. त्याचा दोष कामगारांच्या अज्ञानावर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु एक गोष्ट कटू असली तरी खरी आहे. साच्यावरचे उत्तम कसब अंगी असलेल्या माणसाला त्या कसबापलीकडचे काही शिकण्याची सोय फारशी कोठे नव्हती. शेजाऱ्याकडून शिकण्याची त्याची सवय मोठी होती. पण शेजाऱ्याला जेवढे ठाऊक, तेवढ्यावरच ती थांबे. धंदाच बदलला तेव्हा दोघेही एकाच वेळी रस्त्यावर आले. आज फिनिक्स गिरणीच्या जागी मोठा बाजार आहे, कमला गिरणीच्या आवारात कार्यालये आहेत, आणि तेथे काम करणारी तरुण मंडळी नवे यंत्र किंवा नवी कार्यपद्धती शिकावयाची झाल्यास प्रथम मोबाइल उघडतात. वातानुकूलन यंत्र दुरुस्त करणारा कारागीर यूट्यूबवर त्या यंत्राची जोडणी पाहतो; अडले तर आपल्या धंद्यातील मित्रांच्या गटात छायाचित्र टाकून विचारतो. गाळ्यातली जुनी सवय नव्या साधनात आली आहे, आणि आता ती एका गाळ्यापुरती राहिलेली नाही. शेजाऱ्याला ठाऊक नसलेले दूरच्या जाणकाराकडून मिळू शकते, हा या साधनाचा खरा लाभ होय.

पुण्याच्या प्रयोगाची शिकवण

साधन नवे आले म्हणजे शिक्षण आपोआप होते, अशी समजूत प्रत्येक पिढीत होते आणि प्रत्येक पिढीत ती फोल ठरते. या बाबतीत महाराष्ट्राच्या शेतकऱ्यांनीच जगाला एक धडा दिलेला आहे. १९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या अवधीत आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची नभोवाणी मंडळे चालत असत, त्या धर्तीवर हा प्रयोग योजिला होता. गावातील वीसएक माणसांचे मंडळ आठवड्यातून दोनदा एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐके, त्यानंतर त्यावर चर्चा करी, आणि न उलगडलेले प्रश्न पुणे केंद्राकडे लिहून पाठवी. पुढील कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे मिळत. ऐका, चर्चा करा, कृती करा, हे त्या मंडळांचे सूत्र होते.

प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. त्यात मंडळे असलेल्या गावांची तुलना, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशा गावांशी आणि रेडिओच नाही अशा गावांशी करण्यात आली. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक भर पडल्याचे दिसून आले. नुसता रेडिओ असलेली गावे त्यांच्या फार मागे राहिली. यंत्र दोन्हीकडे सारखे होते. फरक पडला तो एकत्र बसणे, शंका विचारणे व उत्तर मिळणे यांमुळे. १९५९ पासून अशी मंडळे देशाच्या इतर भागांतही काढण्यात आली.

आजच्या व्हॉट्सॲप गटांना ही कसोटी लावून पाहावी. हजार सभासदांचा गट काढता येतो, परंतु त्यात सकाळी सुविचार, दुपारी जाहिरात आणि रात्री विनोद येत असतील, तर तो गट म्हणजे मंडळ नसलेल्या गावातला रेडिओ होय. याउलट, एकाच पिकाचे तीसचाळीस शेतकरी, एक जाणकार व एक जबाबदार संयोजक असा लहान गट असेल, तर तो पुण्याच्या त्या मंडळांचाच वारस ठरेल. शिवाय १९५६ साली प्रश्न पत्राने जाई आणि उत्तरास काही दिवस वाट पाहावी लागे. आता पानावरील डागाचे छायाचित्र त्याच घटकेस कृषी विज्ञान केंद्रापर्यंत पोहोचते. एवढा वेग हाती असून मंडळाची शिस्त नसावी, हे शोभणारे नाही.

शेतातील उपयोग

या साधनाचा लाभ कोठे होतो, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी ही कीड भारतात प्रथम मे २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात शिरली. ही कीड आपल्याकडे नवी असल्याने वडिलोपार्जित अनुभव तिच्यापुढे निरुपयोगी होता. शेजाऱ्यानेही ती कधी पाहिलेली नव्हती. डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण, शेपटाकडील भागावर चौकोनात चार काळे ठिपके, आणि पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा, ही तिची लक्षणे शब्दांत सांगण्यापेक्षा स्पष्ट छायाचित्राने चटकन समजतात. अशा नव्या संकटाच्या वेळी छायाचित्रासह माहिती हजारो मोबाइलवर जाणे याचे मोल मोठे आहे. सांगली भागातून पुढे आलेला ‘होय आम्ही शेतकरी’ यासारखा समूह शेतकरी व जाणकार यांना एकत्र आणू शकतो, ही गोष्ट अभिनंदनीय आहे.

शासनाच्या पातळीवरही अशा त्वरित माहितीची उपयुक्तता ओळखली गेली आहे. २००८ साली विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात क्रॉपसॅप हा कीडरोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू करण्यात आला. शेतात जाऊन निरीक्षण करावयाचे, ते संगणकावर नोंदवावयाचे, कृषी विद्यापीठांच्या तज्ज्ञांनी ते पाहून सल्ला द्यावयाचा आणि तो लघुसंदेशाने शेतकऱ्यांपर्यंत न्यावयाचा, अशी त्याची रचना आहे. या साखळीचा पहिला दुवा शेतातील निरीक्षण हा आहे, ही गोष्ट विसरता कामा नये. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून, सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग येतात काय हे पाहणे, हे काम मोबाइल करू शकत नाही. ते शेतकऱ्याने स्वतः करावयाचे असते. मोजलेला आकडा गटात कळविला, दहा शेतकऱ्यांचे आकडे एकत्र आले, की गावाचे चित्र उभे राहते व फवारणीची वेळ आली की नाही हे ठरविता येते. गटातील बोलणे शेतातील मोजणीवर उभे असेल तरच त्याला शिक्षण म्हणता येईल.

अफवेची कीड

हत्यार जितके धारदार तितकी काळजी अधिक. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षुकी करून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. अशा अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा घातली. मर्यादा यंत्रात घातली तरी विवेक माणसानेच आणावयाचा असतो.

शेतीतील अफवा माणसाला एकदम मारीत नाही म्हणून ती निरुपद्रवी समजणे चुकीचे होय. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. अनेक कीटकनाशके एकत्र मिसळून फवारणे, संरक्षक साधने न वापरणे, अशी कारणे त्या वेळी पुढे आली. आजही ‘अमुक दोन औषधे मिसळा आणि चमत्कार पाहा’ अशा तऱ्हेचे संदेश गटागटांतून फिरत असतात. त्यावर पाठविणाऱ्याचे नाव नसते, पीक कोणते, प्रमाण किती, जमीन कशी, काही नसते. असा संदेश पुढे पाठविणारा शेतकरी शेजाऱ्याला मदत करीत असल्याच्या समजुतीत असतो. वस्तुतः तो शेजाऱ्याच्या जिवाशी व पैशाशी खेळत असतो. औषध विकणाऱ्या व्यापाऱ्याने शेतकऱ्याच्या नावाने गटात शिरून स्वतःच्या मालाची शिफारस करणे, हाही त्याच रोगाचा दुसरा प्रकार आहे.

हुकूम आणि शिक्षण

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. आज बहुतेक कार्यालयांत, मग ते लोअर परळच्या उंच इमारतीतले असो की तालुक्याच्या गावचे असो, कामाचा गट म्हणजे हुकमांचा गट झाला आहे. अहवाल पाठवा, छायाचित्र टाका, आजच्या आज आकडे द्या, असे संदेश दिवसभर व रात्रीही येत राहतात. शेतीशाळेत काय शिकविले याच्यापेक्षा शेतीशाळेचे छायाचित्र गटात पडले की नाही याला महत्त्व येते. अशा गटात ‘मला हे समजले नाही’ असे लिहिण्यास कोण धजेल? वरिष्ठ पाहत आहेत, या भावनेने तरुण कर्मचारी आपले अज्ञान झाकतो, आणि झाकलेले अज्ञान शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन उघडे पडते.

म्हणून हुकमांचा गट व शिकण्याचा गट हे दोन वेगळे ठेवणे इष्ट होय. शिकण्याच्या गटात कोणाची हजेरी घेतली जाऊ नये, आणि विचारलेला प्रश्न त्या कर्मचाऱ्याच्या कामाच्या मूल्यमापनात कधीही धरला जाऊ नये. त्याचप्रमाणे शिकण्यासाठी दिलेला वेळ हा कामाचाच वेळ मानला गेला पाहिजे. आठवड्यातून एक तास जरी यासाठी राखून ठेवला, तरी रात्री उशिरापर्यंत मोबाइल चाळण्यापेक्षा त्याचे फळ अधिक मिळेल. रात्रशाळेत येणाऱ्या गिरणी कामगाराने स्वतःची झोप मोडून शिक्षण घेतले; त्याच्या जिद्दीला वंदन करावे, परंतु पुढच्या पिढीने तेवढीच किंमत मोजावी असा आग्रह धरू नये.

मंडळ कसे चालवावे

वरील अनुभवांवरून काही नियम सहज निघतात. ते खर्चाचे नाहीत, फक्त चिकाटीचे आहेत.

पहिला नियम असा की, गट लहान व एका विषयाचा असावा. डाळिंबाचा, कांद्याचा, दूध व्यवसायाचा असे वेगळे गट असावेत. संयोजक ठरलेला असावा आणि विषयाबाहेरचा संदेश त्याने निःसंकोच काढून टाकावा.

दुसरा नियम प्रश्नासंबंधीचा आहे. ‘पाने पिवळी पडली, काय मारू?’ एवढ्या प्रश्नाला उत्तर देणारा जाणकारही अंदाजच करील. पीक व वाण, लागवडीची तारीख, जमिनीचा प्रकार, पाणी केव्हा दिले, कोणते खत व औषध आधी वापरले, एवढे लिहून उजेडात काढलेली दोन छायाचित्रे, एक जवळून व एक संपूर्ण झाडाचे, जोडावीत. नीट प्रश्न विचारता येणे ही निम्मी विद्या होय.

तिसरा नियम उत्तरासंबंधीचा. उत्तर देणाऱ्याने ते कोठून मिळाले हे सांगावे : स्वतःचा अनुभव, कृषी विद्यापीठाची शिफारस की ऐकीव माहिती. औषधाचे नाव सुचविताना त्या पिकासाठी व त्या किडीसाठी ते अधिकृतपणे मंजूर आहे याची खात्री करून घ्यावी. शंका असल्यास कृषी विज्ञान केंद्रास विचारावे, किंवा २००४ पासून चालू असलेल्या किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर चौकशी करावी.

चौथा नियम असा की, गटातील बोलण्याची अखेर बांधावर व्हावी. महिन्यातून निदान एकदा सभासदांनी एखाद्याच्या शेतात प्रत्यक्ष जमावे. शेतीशाळेची पद्धत १९८९ साली इंडोनेशियात भाताच्या शेतात सुरू झाली, तीही शेतकऱ्यांनी स्वतः पाहावे, मोजावे व निर्णय घ्यावा या तत्त्वावर. सल्ला वापरून काय झाले, हे चांगले असो की वाईट, गटात कळविलेच पाहिजे. फसलेला प्रयोग लपविला तर तीच चूक चाळीस शेतांत होते.

पाचवा नियम नोंदीचा. गटातील उपयुक्त माहिती चार दिवसांत नव्या संदेशांखाली गाडली जाते. संयोजकाने दर आठवड्यास महत्त्वाचे प्रश्न व तपासलेली उत्तरे एका वहीत उतरून ठेवावीत आणि ती वही ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीत सर्वांना पाहावयास मिळावी.

सहावा नियम, मोबाइल नसणाऱ्यांचा विसर पडू न देण्याचा. शेतातील निंदणी, वेचणी, जनावरांची देखभाल ही कामे मोठ्या प्रमाणावर स्त्रिया करतात. परंतु घरातील एकुलता मोबाइल बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. ज्या हाताला काम करावयाचे आहे त्या हातापर्यंत माहिती न गेल्यास ती व्यर्थ होय. बचत गटाच्या बैठकीत गटातील आठवड्याची माहिती मोठ्याने वाचून दाखवावी, आवाजी संदेश ऐकवावेत आणि भगिनींचे प्रश्न त्यांच्या शब्दांत गटात घालावेत. चाळीत एक वाची आणि दहा ऐकत, ती रीत आजही तितकीच उपयोगाची आहे.

समारोप

समाजमाध्यम हे बी नव्हे, खतही नव्हे. ते पाटाच्या पाण्यासारखे आहे. बांध नीट घातला तर शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचते. मोकळे सोडले तर वरच्या शेतात चिबड करते व खालचे शेत कोरडे ठेवते. गिरणगावातील माणूस शिकण्यास तयार होता. त्याला नवे शिकविणारी वाट मात्र वेळेवर बांधली गेली नाही. शेतीतही बदल दाराशी येऊन उभे आहेत. नव्या किडी येत आहेत, पावसाचे वेळापत्रक बिघडले आहे, मजुरी व बाजार यांची गणिते बदलत आहेत. अशा वेळी ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने मोबाइलकडे केवळ अहवाल पाठविण्याचे यंत्र म्हणून आणि शेतकऱ्याने केवळ करमणुकीचे यंत्र म्हणून पाहू नये. येत्या हंगामापूर्वी प्रत्येक गावात एका पिकाचे एक लहानसे मंडळ उभे राहावे, त्याने नियमाने प्रश्न विचारावेत, बांधावर तपासावेत आणि वहीत नोंदवावेत. एवढे झाले तरी बदल येईल त्या दिवशी गावातील कोणीही शेतकरी त्याच्यापुढे एकटा उभा राहणार नाही.